लेंटमध्ये चादरीवर सिनेमा: ख्रिस्ती चित्रपट बघायचे कसे आणि दाखवायचे कसे

पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या पुण्यातल्या घोरपडीच्या घरात सोफे भिंतीला सरकवले, पांढरी चादर लावली, कुणाचा तरी प्रोजेक्टर मागून आणला आणि 2004 चा मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' लावला. पंचवीसेक माणसं, त्यात संडे स्कूलची पोरं पण, कारण मला वाटलं प्रभूचा सिनेमा आहे म्हटल्यावर त्यात लहान-मोठं काय बघायचं. फटके मारायचा सीन सुरू झाला आणि तो काही संपेचना, एक पोरगी रडायला लागली, तिची आई तिला घेऊन गॅलरीत गेली, मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. संपल्यावर कुणी बोललं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे चपला शोधून घरी गेले. मला वाटलं वा, काय परिणाम झालाय! दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर त्या आजींनी मला गाठलं आणि म्हणाल्या, "बाई गं, त्याला मारलं ते दिसलं, पण कशापायी मारलं ते कुठं दिसलं?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर दरवर्षी लेंटमध्ये, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासाच्या काळात, आम्ही शनिवारी संध्याकाळी एक असे पाच-सहा सिनेमे बघतो आणि त्या आजींचा प्रश्न अजून डोक्यात आहे. खाली जे लिहितेय ते सगळं त्यातून शिकलेलं, चुका करत करत. मी काही सिनेमाची जाणकार नाही, पुण्यात त्या जाणकारांना तोटा नाही, लॉ कॉलेज रोडवर दगड मारला तर एक फिल्म अॅप्रिसिएशनचा कोर्स केलेल्या माणसाला लागेल. पण मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांना, शेजारपाजाऱ्यांना बरोबर घेऊन असे सिनेमे बघायचे असतील तर कसं करायचं ते मला आता बऱ्यापैकी कळलंय.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. सिनेमात येशू दिसतोय का, क्रूस दिसतोय का, चर्च दिसतंय का, हे शोधणं सोडा. त्याऐवजी एकच प्रश्न धरून बसा: या सिनेमात कुणाला माफी मिळतेय का, आणि मिळत असेल तर तिचं बिल कुणी भरलं? आपल्या विश्वासात कृपा फुकट असते ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला ती फार महाग पडते, हे आपण दर रविवारी ऐकतो पण ऐकून ऐकून कान बधिर झालेत. चांगला सिनेमा ते बिल डोळ्यांसमोर ठेवतो. वाईट सिनेमा नुसतंच सांगतो की बिल भरलंय, आणि मागे व्हायोलिन वाजवतो.

हे पटत नसेल तर 'द मिशन' बघा, 1986 चा, रोलंड जॉफीचा. दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी लोकांमधलं जेझुइट फादरांचं मिशन, 1750 च्या माद्रिद तहात स्पेन आणि पोर्तुगालने जमीन आपसात वाटून घेतली तो काळ. त्यात मेंडोझा नावाचा गुलामांचा व्यापारी आहे, रॉबर्ट डी नीरोने केलाय, जो ग्वारानींना पकडून विकायचा, मग एका बाईपायी रागाच्या भरात स्वतःच्या सख्ख्या भावाला मारतो. प्रायश्चित्त म्हणून तो आपलं चिलखत, तलवारी असलं सगळं लोखंड जाळ्यात बांधून ते ओझं दोरीने ओढत धबधब्याच्या कड्यावरून वर चढतो. घसरतो, पडतो, परत ओढतो. मधेच एका तरुण फादरला बघवत नाही, तो सुरी काढून दोरी कापून टाकतो, ओझं खाली गडगडतं. आणि मेंडोझा काय करतो, तर परत खाली उतरतो आणि ते ओझं परत बांधतो! इथे मी सिनेमा थांबवते. नियम आहे माझा की सिनेमा मधे थांबवायचा नाही, पण इथे थांबवते आणि विचारते, का बांधलं असेल? लोक बोलतात. कुणी म्हणतं गर्व आहे, कुणी म्हणतं अजून शिक्षा पुरी झाली नाही. मग पुढे लावते. वर पोचल्यावर एक ग्वारानी माणूस सुरी घेऊन धावत येतो, मेंडोझाच्या गळ्याला लावतो, कारण ज्याने त्यांची पोरं विकली तो हाच माणूस. आणि तो गळा न कापता दोरी कापतो. ओझं नदीत जातं. मेंडोझा ढसाढसा रडतो आणि ग्वारानी हसायला लागतात.

फादरने कापलेली दोरी टिकली नाही, ज्याचं नुकसान झालं होतं त्याने कापल्यावर टिकली. हे आमच्याकडे एका अकरावीतल्या पोराने सांगितलं, कुणी शिकवलं नव्हतं त्याला. माझ्या अंगावर काटा आला खरंच. आजींना मी त्या दिवशी बोलवायला पाहिजे होतं.

आता याच प्रश्नाने आपला ओळखीचा सिनेमा तपासा. 'अमर अकबर अँथनी', 1977. अँथनी देवाला पार्टनर म्हणतो, कमाईतला अर्धा वाटा देवाला, फिफ्टी-फिफ्टी. मजा येते बघायला, मला तर तो सिनेमा पाठ आहे, पण तो व्यवहार आपल्या नवसासारखा आहे, तू मला सांभाळ मी तुला देतो. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, फक्त हे ओळखता यायला हवं की पाद्री आहे, मेणबत्त्या आहेत, घंटा आहे, पण विचार दुसरीकडचा आहे. हिंदी सिनेमातलं चर्च म्हणजे बहुतेक वेळा हिरोला एकटं बसून वर बघायला मिळावं म्हणून बांधलेलं असतं. आणि तिथला ख्रिस्ती माणूस एकतर पांढऱ्या झग्यातला "माय सन" म्हणणारा म्हातारा, नाहीतर तुटक्या हिंदीत बोलणारा, हातात बाटली असलेला, नाव मायकल. आता सांगा, नऊवारी नेसून उपासनेला येणारी, ना. वा. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर म्हणणारी आपली आजी यात कुठे बसते? लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'वर विजया मेहतांनी टेलिफिल्म केली होती, ती सोडली तर मराठी ख्रिस्ती घर आतून दाखवलेलं मला फारसं बघायला मिळालं नाही. मल्याळी लोकांचं बघा, 'ई.मा.यौ.' नावाचा 2018 चा सिनेमा आहे लिजो जोस पेल्लिसेरीचा, किनाऱ्यावरच्या कॅथलिक वस्तीत एक म्हातारा मरतो आणि गरीब मुलाला बापाची मयत थाटात काढायची असते, एवढीच गोष्ट. पाऊस, शवपेटी, फादर, शेजाऱ्यांची कुजबुज. आमच्याकडे लोक हसत हसत बघत होते आणि शेवटी सगळे गप्प. तो नक्की लावा.

बरं, येशू दिसणारे सिनेमे बघायचेच नाहीत का, तर बघायचे, पण बघायची रीत वेगळी ठेवायची. आधी एक छोटा प्रयोग करा, पंधरा मिनिटांचा. 'बेन-हर' 1959 चा, विल्यम वायलरचा, 11 ऑस्कर मिळालेला, साडेतीन तासांच्या वर आहे म्हणून अख्खा लावू नका, दोनच तुकडे लावा. पहिला, ज्यूडाला, म्हणजे नायकाला, साखळदंडात बांधून नेतायत, नासरेथला थांबतात, सगळ्यांना पाणी मिळतं, रोमन शिपाई म्हणतो याला द्यायचं नाही. तेवढ्यात एक सुतार येऊन त्याला पाणी पाजतो. शिपाई चाबूक उगारून जातो, तो माणूस उठून उभा राहतो, आणि शिपायाचं तोंड बघण्यासारखं होतं, मागे सरतो बिचारा. आपल्याला त्या सुताराची फक्त पाठ, हात, केस दिसतात. संबंध सिनेमात तोंड दिसत नाही. दुसरा तुकडा शेवटाकडचा, येशू वधस्तंभ घेऊन चाललाय, पडतो, आणि आता ज्यूडा त्याला पाणी द्यायला धावतो. दोन्ही तुकडे लागोपाठ दाखवा आणि विचारा, येशू तुम्हाला कुणाच्या चेहऱ्यावर दिसला?

हे आपल्या लोकांना का गंमतीचं वाटतं तर आपण दर्शनाला सवयलेले. देवाने समोर बघायचं आणि आपण हात जोडायचे. 'दयासागर' आठवतो का, मूळ तेलुगूत 1978 चा 'करुणामयुडू', विजयचंदर येशू झाला होता, तो हिंदीत खेडोपाडी किती दाखवला गेला. किंवा 1979 चा 'जीझस', लूकच्या शुभवर्तमानावरचा, जो 2000 पेक्षा जास्त भाषांमध्ये डब झालाय. माझ्या सासूबाईंनी तो गावात कापडी पडद्यावर बघितलेला, दोन्ही बाजूंनी लोक बसलेले, मागच्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसत होतं तरी कुणी हललं नाही म्हणे. त्या बघण्याला मी नावं ठेवणार नाही. आणि हो, हे तर पुण्यात सांगायलाच पाहिजे, आपला सगळा भारतीय सिनेमाच एका ख्रिस्ताच्या सिनेमातून निघालाय. दादासाहेब फाळक्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा बघितला, आणि डोळ्यांसमोर ख्रिस्त चालला असताना त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, हे त्यांनी स्वतः 1917 साली 'नवयुग'मध्ये लिहिलंय. मग 1913 ला 'राजा हरिश्चंद्र'. फाळक्यांच्या त्या सिनेमांचं जे काही उरलंय ते पी. के. नायरांनी शोधून शोधून आपल्या लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणून ठेवलं. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या येशूमुळे आमचा हरिश्चंद्र!" आणि पुढच्या शनिवारी डबाभर चकल्या घेऊन आल्या.

अख्खा एक येशूचा सिनेमा लावायचा असेल तर माझं मत विचाराल तर पासोलिनीचा, 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू', 1964. काळा-पांढरा, इटालियन, आणि करणारा माणूस कम्युनिस्ट, देव न मानणारा. हे आधी सांगू नका कुणाला! शेवटी सांगा. असिसीमध्ये पोपच्या भेटीमुळे गर्दीत अडकला होता, खोलीत पडलेलं शुभवर्तमान उघडलं आणि एका बैठकीत वाचून काढलं, त्यातून सिनेमा. येशूचं काम करणारा एन्रिके इराझोकी हा 19 वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी, नट नव्हताच. वधस्तंभाजवळची म्हातारी मरीया म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई. पॅलेस्टाइनच्या जागी दक्षिण इटलीतलं मातेरा, दगडात कोरलेली गरीब वस्ती, आणि माणसांचे चेहरे असे की आपल्या मार्केट यार्डात सकाळी पाचला दिसतील.

हा दाखवायची रीत अशी. आदल्या आठवड्यात सगळ्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 5 ते 7 आणि 26, 27 घरी वाचून यायला सांगा, आपल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये. सिनेमातले संवाद जवळपास सगळे मत्तयमधलेच आहेत म्हणून सबटायटल इंग्रजी असलं तरी माणसं अडत नाहीत, वाक्य सुरू झालं की पुढचं ओठावर येतं. आमच्याकडे डोंगरावरील प्रवचनाला, तिथे पासोलिनी नुसता चेहरा दाखवतो, मागे आभाळ बदलतं, उजेड बदलतो, तेव्हा मागच्या रांगेतून एक काका हळू आवाजात मराठीतून बरोबर म्हणत होते, "जे आत्म्याने दीन ते धन्य." कुणी त्यांना गप्प केलं नाही. या सिनेमातला येशू भराभर चालतो, मागे वळून वळून बोलतो, चिडलेला वाटतो. एक ताई नाराज झाल्या, म्हणाल्या आमचा प्रभू असा नाही. मी म्हटलं घरी जाऊन मत्तय 23 वाचा. पुढच्या आठवड्यात त्या काही बोलल्या नाहीत, पण आल्या.

आता सगळ्यात अवघड प्रकार, शंकेचे सिनेमे. हे लावायचे का यावर दरवर्षी आमच्यात वाद होतो. एक गट म्हणतो विश्वास डळमळीत होईल, तरुण संघातली पोरं म्हणतात आमचा आधीच डळमळीत आहे तो कुणीतरी दाखवा तरी. मी पोरांच्या बाजूने. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'विंटर लाइट' घ्या, 1963 चा, दीड तासाच्या आत संपतो, बर्गमन स्वतः पाळकाचा मुलगा. एक पाळक आहे, त्याचा विश्वास आटलाय, उपासनेला पाच-सहा डोकी, त्याला सर्दी झालीय, आणि तो कुणाचंच दुःख ऐकून घेऊ शकत नाही. शेवटी चर्चचा सेवक, पाठीने वाकलेला, सतत दुखणं सहन करणारा माणूस, तो पाळकाला म्हणतो की मी दुखणेकरी आहे म्हणून हे बोलतो, प्रभूचे शरीराचे हाल काही तासांचे होते, माझेही तेवढे झाले असतील, पण आपली माणसं झोपली, पळाली, कुणाला काही कळलंच नाही, आणि शेवटी देवही गप्प, ते जास्त भयंकर नव्हतं का?

हे ऐकल्यावर मला एकदम आमच्या आजी आठवल्या, स्वयंपाकघरात जाऊन बसलेल्या. दोन तास फटके बघून जे कळलं नव्हतं ते या चार वाक्यांत होतं. म्हणून माझा सल्ला, गिब्सनचा सिनेमा दाखवायचाच असेल तर मोठ्यांना दाखवा, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात 'विंटर लाइट' दाखवा. एकामागे एक बघितले की दोन्ही नीट दिसतात. आणि पाळकसाहेबांना आधी एकट्याला दाखवा हो. आमच्या पाळकसाहेबांनी बघितला आणि दोन दिवस फोन उचलला नाही, मग म्हणाले, "लावा, पण मी मागे बसेन."

खऱ्या माणसांवरचे सिनेमे दाखवाल तर दाखवायच्या आधी खरी गोष्ट वाचून घ्या, एवढं कराच. 'चॅरियट्स ऑफ फायर', 1981, सगळ्यांना माहीत असतो तो समुद्रकाठी पळणाऱ्या पोरांमुळे आणि त्या संगीतामुळे. त्यात एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूला जहाजावर चढताना कळतं की 100 मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी आहे, आणि रविवार प्रभूचा दिवस म्हणून तो पळणार नाही, मग मोठा पेच. प्रत्यक्षात त्याला ते कित्येक महिने आधी माहीत होतं. त्याने शांतपणे 100 मीटर सोडलं, 400 ची तयारी केली आणि 1924 ला पॅरिसमध्ये 47.6 सेकंदांत सोनं मिळवलं. मला विचाराल तर खरी गोष्टच जास्त भारी आहे, कारण एका क्षणात मोठा निर्णय घेणं सोपं असतं, आणि रोज सकाळी उठून न आवडत्या अंतराचा सराव करणं, त्यात कुणी टाळ्या वाजवत नाही. पण ते सिनेमात दिसत नाही, सिनेमाला जहाज लागतं. नंतर तो चीनमध्ये मिशनरी म्हणून गेला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या छावणीत वारला, हे सिनेमा शेवटी दोन ओळींत उरकतो. त्या दोन ओळी वाचून दाखवा, नाहीतर तोवर लोक चहाला उठलेले असतात.

प्रचारकी सिनेमांबद्दल थोडक्यात. युट्यूबवर ढीग आहे. तपासायची सोपी युक्ती, त्यातला नास्तिक माणूस बघा. तो दुष्ट, एकटा, शेवटी त्याला अपघात होतो किंवा रडत गुडघ्यावर येतो, असं असेल तर तुमच्या ऑफिसातल्या देव न मानणाऱ्या पण दर महिन्याला न सांगता कुणाची तरी फी भरणाऱ्या मित्राला तो दाखवायची तुम्हाला लाज वाटेल. लाज वाटली की समजा, तो सिनेमा आपल्याच लोकांना खूश करायला काढलाय. तरुण संघाला एखादा मुद्दाम दाखवा आणि तासभर चिरफाड करू द्या, त्यातून ती पोरं फार शिकतात.

आता मांडणीचं. पाच शनिवार पुरतात, आणि माझा क्रम असा पडलाय: पहिल्यांदा काहीतरी चविष्ट, म्हणजे 'बॅबेट्स फीस्ट', 1987 चा, डॅनिश. समुद्रकाठचं गाव, कडक धार्मिक म्हातारी माणसं, उकडलेला मासा आणि पावाची पेज खाणारी, दोन बहिणी मार्टिन ल्यूथर आणि फिलिप मेलांक्थनवरून नावं ठेवलेल्या, आणि त्यांच्याकडे पॅरिसमधून जीव वाचवून आलेली स्वयंपाकीण. तिला 10,000 फ्रँकची लॉटरी लागते. ती सगळ्यांना एक जेवण घालते. म्हाताऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं की जेवणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, कारण चव घेणं म्हणजे जगिक, देवापासून दूर नेणारं! आमच्या आईच्या पिढीत सिनेमा बघणं जगिक होतं, त्यामुळे घरात जो हशा पिकला तो विचारू नका. शेवटी कळतं की त्या बारा जणांच्या जेवणात तिचे 10,000 फ्रँक संपले, सगळे. बिल कुणी भरलं हा प्रश्न इथे शब्दशः विचारता येतो, आणि नव्या माणसाला तो इथेच समजतो, म्हणून हा पहिला.

मग 'द मिशन'. त्याच्या शेवटावर भांडण होणार हे धरून चला, एक फादर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, हातात धरून गोळ्यांसमोर चालत जातो, मेंडोझा तलवार उचलतो, दोघेही मरतात, आणि आमच्याकडे कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आणि एक सिस्टर यांच्यात रात्री दहापर्यंत चाललं. मग पासोलिनी. मग 'विंटर लाइट'. आणि शेवटच्या शनिवारी डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क', 1928, मूकपट, नुसते चेहरे, फ्रान्सच्या जोनवर चर्चने चालवलेल्या खटल्याच्या खऱ्या नोंदींवरून केलेला. याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती आणि 1981 मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात कपाटात प्रिंट सापडली, ही गोष्ट सुरुवातीला सांगितली की लोक सावरून बसतात. मूकपटाचा फायदा असा की भाषेचा प्रश्नच मिटतो, मधल्या पाट्या मी आधी मराठीत करून ठेवते आणि संडे स्कूलची एक मोठी मुलगी त्या मोठ्याने वाचते. बाकी सिनेमांना मराठी सबटायटल मला तरी कधी मिळाली नाहीत, म्हणून ज्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो त्यांच्यासाठी सुरुवातीला पाच मिनिटांत गोष्ट सांगून टाका, शेवटासकट. शेवट फुटला तर फुटला, शुभवर्तमानाचा शेवट आपल्याला लहानपणापासून माहीत आहेच की.

प्रोजेक्टर साधा चालतो, स्पीकरवर कंजूषी करू नका. लॅपटॉपच्या आवाजावर बर्गमन कुणालाही झोपवेल. चादर पांढरी, इस्त्री केलेली, खाली चार चिमटे आणि काठी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने पिलाताचं तोंड हलतं आणि पोरं हसतात. साडेसहाला सुरू, उशीर झालेल्यांची वाट बघायची नाही. घरात, ओळखीच्या माणसांत बघत असाल तर सिनेमा विकत किंवा भाड्याने घेतलेला असू द्या, आणि चर्चच्या हॉलमध्ये जाहीर फलक लावून दाखवणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी काढा. देवाचा सिनेमा चोरून दाखवायचा म्हणजे आठवी आज्ञा मोडूनच सुरुवात.

संपल्यावर दिवे लगेच लावायचे नाहीत. नावं वर सरकू द्या, दोन मिनिटं अंधार राहू द्या. मग गप्पा, आणि गप्पांचे माझे तीनच नियम. पाळकसाहेब शेवटी बोलणार. पहिला प्रश्न "काय शिकलो" असा कधीच विचारायचा नाही, विचारायचं की कुठलं चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये, मग बिलाचा प्रश्न आपोआप येतो. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांना आधी बोलू द्यायचं, कारण आपण सगळे तेच तेच शब्द वापरतो, तारण, कृपा, समर्पण, आणि त्यांना ते शब्द माहीत नसल्यामुळे ते जे दिसलं तेच सांगतात. 'बॅबेट'नंतर काकू म्हणाल्या होत्या, "एवढं करून ती शेवटी स्वयंपाकघरातच बसली की हो," आणि त्यावर अर्धा तास गेला.

चहा मात्र सिनेमाच्या आधी नाही, नंतर. भरपूर करा. आमच्याकडे कुणीतरी दरवेळी तोच विनोद करतो की 1890 मध्ये पंचहौद मिशनात चहा प्यायला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तुम्ही आपले विचार करून प्या, आणि काकू दरवेळी दुसरा कप मागतात. त्या आजी मागच्या वर्षी 'जोन'ला आल्या होत्या. संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चादरीचे चिमटे काढत असताना जवळ येऊन म्हणाल्या, "यात एक फटका दिसला नाही बघ. पुढच्या वर्षी मला पुढे बसव, मागून डोकी आड येतात."